पहिली कॅरिबियन क्रूझ: काठावरच्या गोष्टी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. न्यू जर्सीत राहणारं जोडपं, सहा वर्षांची मुलगी, आणि कोल्हापूरहून आलेले आई-बाबा. आईंचे गुडघे दुखतात, त्या शाकाहारी, अंडंही नाही. बाबा क्रिकेटवेडे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ करायची आहे आणि घरातल्या कुणीही आजवर मोठ्या बोटीवर पाय ठेवलेला नाही. मार्ग कुठला घ्यावा, खोली कुठली, जेवणाचं काय, बोट लागली तर काय, वरचा खर्च किती. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं: पासपोर्टवरचा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा शिक्का संपलाय, पण मुदतवाढीचं पत्र आहे, तेवढ्यावर चालेल ना?

हा शेवटचा प्रश्न पहिला हवा होता. त्यामुळे मी तिथूनच सुरुवात करतो.

त्याआधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी मूळचा वेंगुर्ल्याचा. बारा वर्षं क्रूझ जहाजांच्या डायनिंग रूममध्ये काढली. असिस्टंट वेटर म्हणून चढलो, हेड वेटर म्हणून उतरलो. बहुतेक कॉन्ट्रॅक्टं मायामी आणि फोर्ट लॉडरडेलहून सुटणाऱ्या बोटींवर. आता पुण्यात बसून लोकांना क्रूझ ठरवून देतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना भीती असते वादळाची, नाहीतर बोट लागण्याची. पण रडवेले चेहरे मी पाहिले ते बंदरावरच्या काउंटरपाशी, धक्क्यावर धावताना, नाहीतर शेवटच्या सकाळी कॉरिडॉरमध्ये. मधले दिवस जहाज तुम्हाला सांभाळून घेतं. दोन्ही काठ मात्र ज्याचे त्याने सांभाळायचे असतात.

तर शिक्का. अमेरिकेत एक सवलत आहे: व्हिसाचा शिक्का संपलेला असला, पण तुमचं स्टेटस आणि आय-९४, म्हणजे किती तारखेपर्यंत राहता येतं ती नोंद, चालू असलं, तर कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन परत येता येतं. बरेच जण ही सवलत कॅरिबियन बेटांनाही लागू आहे असं धरून चालतात. बेटांसाठी ती फक्त एफ आणि जे व्हिसावाल्यांना आहे, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंजवर आलेले लोक, आणि त्यांनाही क्यूबा सोडून. एच-वन-बी किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-फोरला नाही. म्हणजे तुम्ही बहामाला किंवा सेंट मार्टिनला उतरून परत आलात तर परतीच्या बंदरात तुमच्या हातात चालू शिक्का हवा. तो नसेल तर क्रूझ कंपनी बहुधा मायामीतच काउंटरवरून परत पाठवेल, आणि ते त्यातल्या त्यात बरं.

"मग आम्ही फक्त अमेरिकेच्या बंदरांना जाणारी बोट घेतो," असं एकजण मला म्हणाला होता. मायामीहून सुटून मायामीलाच परतणारी तशी बोट तुम्हाला मिळणार नाही. ही मोठी जहाजं बहामा, पनामा अशा देशांत नोंदवलेली असतात, आणि १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला अशा फेरीत निदान एका परदेशी बंदराला लागावंच लागतं. वेळापत्रकात बहामातलं नसाऊ किंवा तिथलंच एखादं खासगी बेट सारखं दिसतं, त्यामागे हेही एक कारण आहे. फक्त मेक्सिकोला लागणाऱ्या चार-पाच रात्रींच्या बोटी असतात, पण त्यातही एखादा बहामाचा थांबा घुसलेला असू शकतो. तेव्हा तुमच्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला मार्गातल्या बंदरांची यादी पाठवा आणि लेखी उत्तर घ्या. ते येईपर्यंत डिपॉझिट भरू नका.

आई-बाबांचा बी-टू, म्हणजे पर्यटक व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, ते एकदा डोळ्यांनी वाचून घ्या. क्रूझ करून परत आलं की सहा महिने नव्याने मिळतात अशी एक गोड समजूत आपल्या लोकांत आहे. परत येताना किती दिवस द्यायचे ते अधिकाऱ्याच्या हातात असतं, आणि जुनीच तारीख कायम राहू शकते. परतीचं विमान त्या हिशेबाने ठेवा. मुलगी अमेरिकेत जन्मलेली असली तरी तिचा पासपोर्ट न्याच. आणि मार्टिनिक किंवा ग्वादलूप मार्गात असेल तर ते फ्रान्सचे भाग आहेत, तिथली व्हिसाची अट वेगळी. क्रूझ कंपनीला स्वतंत्र विचारा.

आता मार्ग. चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. डिसेंबरमध्ये ती चिंता नाही, पण नाताळचा आठवडा वर्षातल्या सगळ्यात महाग आठवड्यांपैकी. शाळा बुडवायची तयारी असेल तर जानेवारीचा दुसरा आठवडा बघा. बोट तीच, समुद्र तोच, भावात मात्र डोळ्यांत भरण्याएवढा फरक.

तुमच्या घराजवळ बेयॉनला केप लिबर्टी बंदर आहे, तिथूनही बोटी सुटतात, विमानाचा खर्च वाचतो. पण हिवाळ्यात तिथून निघालात की पहिले दीड-दोन दिवस जॅकेट घालून अटलांटिक बघत बसाल, आणि केप हॅटरसच्या आसपासचा समुद्र हिवाळ्यात चांगलाच उसळतो. पहिल्याच क्रूझला ही परीक्षा कशाला? फ्लोरिडाहून निघा.

फ्लोरिडाहून दोन मुख्य मार्ग आहेत. पश्चिमेचा म्हणजे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका, कधी होंडुरासमधलं रोआतान किंवा बेलीझ. पूर्वेचा म्हणजे सेंट थॉमस, सेंट मार्टिन, कधी प्वेर्तो रिकोतलं सान हुआन, आणि वाटेत बहामा. आईंच्या गुडघ्यांसाठी मी पूर्वेचा सांगेन. ग्रँड केमनला आणि बेलीझ सिटीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते समुद्रात उभं राहतं आणि लहान बोटींनी, ज्यांना टेंडर म्हणतात, माणसं किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या पोटातलं दार उघडं, समोर टेंडर वरखाली होतंय, दोन खलाशी दंडाला धरून म्हणतात, "नाऊ, मॅडम," आणि त्या क्षणी पाऊल टाकायचं. तरुणांना मजा वाटते. दुखऱ्या गुडघ्यांची बाई तिथे घाबरून मागे फिरलेली मी कितीदा पाहिली आहे. सेंट थॉमस आणि सेंट मार्टिनला सहसा सरळ धक्क्यावर उतरता येतं. कंपनीच्या खासगी बेटाला धक्का आहे की टेंडर, हे मात्र बुकिंगआधी विचारा, कारण दोन्ही प्रकार आहेत.

बाबांसाठी तिसरा मार्ग आहे, म्हणून सांगतो: दक्षिणेचा, सान हुआनहून सुटणारा, ज्यात बार्बाडोस येतं. ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल बंदरापासून टॅक्सीने अगदी जवळ आहे. २९ जून २०२४ ला रोहितच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तो इथेच, दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून. सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला तो झेलही इथलाच. आणि बाबांच्या पिढीला त्याहून जुनी आठवण असेल: १९७१ मध्ये वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकला, गावसकरांनी पदार्पणाच्या त्या मालिकेत ७७४ धावा काढल्या, त्यातल्या नाबाद ११७ या मैदानावरच्या. मैदान आतून बघायला मिळेल की नाही ते त्या दिवसावर असतं, पण बाबा बाहेरूनही खूश होतील. या मार्गाची अडचण एवढीच की जवळजवळ रोज नवं बंदर. बोटीवर निवांत बसायचे दिवस, ज्यांना सी डे म्हणतात, एखाद-दुसराच. पहिल्या क्रूझला माणसं नेमकी त्या दिवसांच्या प्रेमात पडतात. त्यामुळे यंदा पूर्वेचा मार्ग घ्या, बार्बाडोस पुढच्या खेपेला. बाबा हट्टालाच पेटले तर मी मध्ये पडणार नाही.

खोलीवर लोक फार वेळ घालवतात. पाच जणांना दोन खोल्या लागतीलच. एक बाल्कनीची आई-बाबा आणि नातीला, आणि कॉरिडॉरच्या समोरच्या बाजूला बिनखिडकीची तुम्हा दोघांना. दिवसभर बाल्कनी सगळ्यांची. जहाजाच्या मध्यभागी आणि मधल्या मजल्यावर घ्या. लिफ्ट जवळ हवी, पण दारात नको. वरच्या मजल्यावर काय आहे ते नकाशात बघा. वर पूल डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज ऐकू येईल. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असलेली खोली सगळ्यात शांत.

चढायच्या दिवशीचं पहिलं सूत्र: विमानाने त्याच दिवशी पोचायचं नाही. जानेवारीत नेवार्कला बर्फ पडला आणि विमान चार तास लांबलं तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या दिवशी फ्लोरिडात पोचा, स्वस्तातल्या हॉटेलात झोपा.

बंदरावर मोठ्या बॅगा हमाल घेऊन जातात आणि त्या खोलीच्या दाराशी संध्याकाळपर्यंत कधीतरी येतात. म्हणून औषधं, पासपोर्ट, मुलीचा पोहायचा ड्रेस आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. आपल्या लोकांच्या बॅगा उशिरा येण्याचं आणखी एक कारण असतं: इलेक्ट्रिक किटली. किटली, इस्त्री, छोटा राइस कुकर, सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड, हे सगळं आगीच्या भीतीने जप्त होतं. स्कॅनरमध्ये दिसलं की बॅग बाजूला. मग संध्याकाळी सुरक्षा विभागाच्या खोलीबाहेर रांगेत उभं राहून किटली का आणली ते सांगायचं. चहासाठी पाकीटबंद मसाला प्रीमिक्स न्या. गरम पाणी बुफेत चोवीस तास नसलं तरी बहुतेक वेळ मिळतं. बाहेरचा खाऊही पाकीटबंदच चालतो. डब्यातल्या घरच्या चकल्या स्कॅनरवाल्याच्या मर्जीवर.

त्याच दुपारी मस्टर ड्रिल असतं, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं त्याची तालीम. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज ओळखून ठेवायचे, आपलं जमायचं ठिकाण बघून यायचं. बऱ्याच जहाजांवर आता फोनवर व्हिडिओ बघून त्या ठिकाणी नुसती हजेरी लावली की झालं. कंटाळा करू नका. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीजवळ खडकावर आपटलं तेव्हा काही तासांपूर्वीच चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यात ३२ माणसं गेली. तेव्हापासून हे ड्रिल बोट सुटायच्या आधीच होतं.

आता जेवण. हा माझा प्रांत, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल.

मुख्य डायनिंग रूममध्ये दोन पद्धती असतात: ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल, किंवा कधीही या. तुम्ही ठरलेली वेळ घ्या, उशिराची पंगत, साधारण आठच्या सुमाराची. लवकरची साडेपाचला बसते, ती आपल्याला चहाची वेळ वाटते. मुलीला सातला बुफेत भरवून घ्या. ठरलेल्या टेबलाचा फायदा हा की आठवडाभर तेच दोन वेटर. तिसऱ्या दिवशी त्यांना आईंच्या ताटात काय नको ते पाठ झालेलं असतं.

पहिल्या रात्री हेड वेटरला बोलवा आणि सांगा की उद्यापासून एकीला भारतीय शाकाहारी जेवण हवं. छापील मेन्यूत ते असो वा नसो, अमेरिकेहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भारतीय आचारी बहुतेक असतातच आणि आदल्या रात्री सांगितलं तर करून देतात. आयत्या वेळी मागितलं तर वेटरला काही करता येत नाही, कारण त्या वेळी गॅलीत हजार-दीड हजार ताटं एका तालात सुटत असतात. आणि नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणू नका. तिथल्या व्हेजिटेरियनमध्ये अंडं बसतं. भाज्यांचं सूप चिकनच्या पाण्यात शिजलेलं असू शकतं, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासा असतो, गोडाच्या मूसमध्ये जिलेटिन. "नो एग, नो फिश, नो चिकन स्टॉक, नो जिलेटिन," असं सुटं सुटं सांगा. मेक्सिकोला गेलात तर तिथल्या घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते.

एक प्रसंग सांगतो. माझ्या टेबलावर सांगलीच्या एक आजी होत्या. दोन रात्री त्यांनी नुसता ब्रेड आणि उकडलेल्या भाज्या खाल्ल्या, मुलगा-सून आपल्याच कौतुकात. तिसऱ्या रात्री मी वाकून मराठीत विचारलं, "आजी, काय करून आणू?" त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "वरण-भात मिळंल का रं?" क्रू मेसमध्ये आमच्यासाठी डाळ रोज असायची, पण मेसमधलं पाहुण्यांना द्यायला सक्त मनाई. गॅलीत मडगावचा एक आचारी होता, त्याला गाठलं. त्याने तूरडाळ घोटली, हळद, जिऱ्या-मोहरीची फोडणी. कढीपत्ता नव्हता, हिंगही नव्हतं. तूप नव्हतं म्हणून मी लोणी वितळवून वाटीत आणलं आणि लिंबाची फोड ठेवली. आजींनी काटा-चमचा बाजूला सारला, भाताचं आळं केलं, त्यात वरण ओतलं, आणि पांढरे टेबलक्लॉथ अंथरलेल्या त्या झगमगाटात हाताने कालवून जेवल्या. शेजारच्या टेबलावरचं टेक्ससचं जोडपं बघत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीही "तो पिवळा भात" मागितला.

सांगायचं एवढंच की लाजू नका, विचारा. गोव्यातली आणि आमच्या सिंधुदुर्गातली पोरं जहाजांवर भरपूर आहेत. नेमप्लेटवर देशाचं नाव लिहिलेलं असतं. मराठीत नाहीतर कोंकणीत एक वाक्य बोललात की पुढचा आठवडा बदलतो.

बुफेच्या दारात हात धुवायची बेसिनं असतात. साबणाने धुवा. जहाजावर पोटाची साथ पसरते ती बहुतेक वेळा नोरोव्हायरसची, आणि त्याच्यापुढे सॅनिटायझर फारसं कामाचं नाही.

बोट लागण्याबद्दल: आजच्या मोठ्या जहाजांना बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे डोलणं खूप कमी. तरी ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी तयारी ठेवावी. मेक्लिझिनच्या गोळ्या अमेरिकेत दुकानात मिळतात, पण आई-बाबांची बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर उपयोग कमी. त्रास होऊ लागला तर खोलीत पडून राहू नका. मोकळ्या डेकवर या, क्षितिजाकडे बघा. आम्ही क्रूवाले हिरवं सफरचंद आणि साधी बिस्किटं खायचो. आल्याचा तुकडा चघळला तरी बरं वाटतं.

आता बंदरं, आणि तिथलं घड्याळ.

एका उन्हाळ्यात कोझुमेलला मी गँगवेपाशी, म्हणजे जहाजावर चढ-उतार करायच्या फळीपाशी, थंड पाण्याचे ग्लास वाटायच्या ड्यूटीवर होतो. बोट पाचला सुटणार, सगळ्यांनी साडेचारला आत. साडेचार वाजले, दोन नावं स्पीकरवर घोषित झाली. पावणेपाचला पुन्हा. मग सुरक्षा विभागाचा माणूस त्या खोलीत गेला, तिजोरी उघडून दोन पासपोर्ट घेऊन आला आणि धक्क्यावरच्या एजंटच्या हातात दिले. ते पासपोर्ट खाली जाताना दिसले की आम्हाला कळायचं की आता थांबणं नाही. गँगवे ओढला गेला, दोर सुटले. आणि त्या लांबलचक धक्क्याच्या टोकाला दोघं धावताना दिसली, नवऱ्याच्या डोक्यावर मोठी मेक्सिकन टोपी, बायकोच्या हातात चपला. वरच्या डेकवरून लोक टाळ्या वाजवत होते. मला ते कधी आवडलं नाही. त्या दोघांचं चुकलं काय? त्यांच्या फोनने कोझुमेलची वेळ धरली होती. तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे मायामीपेक्षा एक तास मागे. जहाज मायामीच्या वेळेवर चालत होतं. त्यांच्या हिशेबाने अजून तास बाकी होता.

हिवाळ्यात कोझुमेल आणि मायामी एकाच वेळेवर असतात, पण रोआतान आणि बेलीझ तेव्हाही एक तास मागे. सेंट थॉमस, सेंट मार्टिन एक तास पुढे. जहाज कुठे घड्याळ बदलतं, कुठे बदलत नाही. म्हणून फोनवर विसंबू नका. साधं मनगटी घड्याळ घ्या, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि आठवडाभर त्याच्याकडेच बघा. जहाजाने काढलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढे पोचवायची सोय करतं. स्वतः टॅक्सी करून गेलात तर जबाबदारी तुमची. तशा दिवशी ठरलेल्या वेळेच्या दीड तास आधी धक्क्यावर या.

सेंट थॉमस अमेरिकेने १९१७ मध्ये डेन्मार्ककडून विकत घेतलं. तिथे गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, पण स्टिअरिंगही डावीकडेच. बाबांना हे दाखवा, अर्धा तास त्याच विषयावर जाईल. मेगन्स बे हा किनारा आईंनाही सोपा आहे: उथळ, शांत पाणी, सावली. उघड्या ट्रकसारख्या टॅक्सीत माणशी दर ठरलेला असतो, चढायच्या आधी विचारून घ्या. सनस्क्रीन नेताना डबीवर ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट लिहिलेलं नाही ना ते बघा. प्रवाळांना त्रास होतो म्हणून सेंट थॉमसला २०२० पासून त्यांना बंदी आहे. झिंक ऑक्साइडवालं घ्या.

सेंट मार्टिनला सगळे माहो बीचला धावतात, जिथे विमानं डोक्यावरून जाऊन धावपट्टीवर उतरतात. बघण्यासारखं आहे. कुंपणाला धरून उडत्या विमानाचा झोत अंगावर घ्यायला मात्र जाऊ नका. २०१७ मध्ये तिथे एका पर्यटक बाईचा जीव गेला. मुलीला घेऊन बाजूला बसा. तिथल्या फिलिप्सबर्ग गावच्या बाजारात, आणि सेंट थॉमसलाही, दागिन्यांची-घड्याळांची बरीच दुकानं आपल्या सिंधी लोकांची आहेत. हिंदी चालते. घासाघीस आईंवर सोडा.

बारीक पण महत्त्वाचं: लष्करी छापाचे कपडे, म्हणजे ते हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे, बार्बाडोस, जमैका, सेंट लुशियासारख्या बेटांवर सामान्य माणसाने घालायला कायद्याने बंदी आहे. लहान मुलांनाही. मुलीची तसली टोपी-पँट घरी ठेवा. बुफेतलं सफरचंद पिशवीत घालून बेटावर उतरू नका, दारात काढून घेतात.

खर्चाचं बोलू. जाहिरातीतला भाव माणशी असतो आणि एका खोलीत दोघं धरून. कर आणि बंदराचं शुल्क त्यात धरलंय का ते बघा. वर टिप: माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर, मुलांनाही बहुतेक ठिकाणी तेवढीच. पाच जण, सात रात्री, म्हणजे ५६० ते ७०० डॉलर, आणि ते आपोआप बिलात लागतं. काही जण शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ते काढून टाकतात. वेटरच्या कमाईचा मोठा भाग त्यातूनच येतो, हे मी त्या बाजूने जगलेला माणूस सांगतोय. दारूचं पॅकेज घेताना लक्षात ठेवा, पुष्कळ कंपन्या एकाने घेतलं तर त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्यांना घ्यायला लावतात. रोज दोन पेले घेणाऱ्याने सुटं घ्यावं. साधं पाणी, चहा, कॉफी, लिंबू सरबत फुकट असतं. बोट सुटली की सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका, बाबांचा तर स्वतः टाका. समुद्रातलं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून येतं आणि एका व्हॉट्सॲप व्हिडिओचं बिल महिन्याच्या किराण्याएवढं येऊ शकतं. वाय-फाय हवं असेल तर एक पॅकेज घरून निघायच्या आधी घ्या, जहाजावर महाग पडतं.

आई-बाबांचा प्रवास विमा जहाजावर आणि बेटांवर चालतो का, आणि त्यात आपत्कालीन उचलून नेण्याचा खर्च आहे का, हे पॉलिसीत शोधा. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो पैसे घेतो, आणि हेलिकॉप्टरने न्यावं लागलं तर आकडा घर हलवणारा असतो. या एका बाबतीत मी कुणाला काटकसर करू देत नाही.

आणि दुसरा काठ, शेवटची रात्र. त्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठ्या लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीतून त्या खाली जातात आणि थेट टर्मिनलमध्ये मिळतात. एका वर्षी नागपूरच्या एका काकांनी शिस्तीत सगळं भरून बाहेर ठेवलं. सकाळी उठले तर अंगावर लुंगी-बनियन आणि कपाटात फक्त फॉर्मल नाइटचा कोट लटकलेला. ते तसेच नाश्त्याला आले, खाली लुंगी, वर काळा कोट. आम्ही गंभीर चेहऱ्याने त्यांना डोसा वाढला. ते निदान हसण्यावारी गेलं. दुसऱ्या एका कुटुंबाने पासपोर्टच त्या बॅगेत भरले होते, त्यांची सकाळ फार वाईट गेली. सकाळचे कपडे, पासपोर्ट, औषधं हाताशी ठेवा. उचलता येत असेल तर बॅगा बाहेर न ठेवता स्वतः घेऊन उतरा. आईंसाठी व्हीलचेअर आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि परतीचं विमान दुपारी बाराच्या आधीचं घेऊ नका.

घरी पोचल्यावर एक-दोन दिवस आईंना ओट्यापाशी उभं असताना फरशी डोलल्यासारखी वाटेल. घाबरू नका. कॉन्ट्रॅक्ट संपवून वेंगुर्ल्याला आलो की मलाही व्हायचं. पाटावर जेवायला बसलो तरी हात नकळत ताटाची कड धरायचा. आठवडाभर राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.